प्रतिमापूजन

ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नाव या गोष्टीत कुठेही येणार नाही. विसरलं म्हणून नव्हे. ते का येत नाही, हाच सगळा प्रकार आहे. वृंदा तिला आजी म्हणायची, तेव्हा आपणही आजीच म्हणू.

वृंदा मूळची पुण्याची, इतिहासाची माणूस. हॉलंडमधल्या लायडनमध्ये एका छोट्या खासगी संग्रहात ती संशोधक म्हणून काम करत होती. या संग्रहाकडे एका डच गुरांच्या डॉक्टरची पेटी आली होती. साठ वर्षांपूर्वी हा डॉक्टर उत्तर ऑस्ट्रेलियात हार्टवेल डाउन्स नावाच्या स्टेशनवर नोकरीला होता. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. तिकडे गुरांच्या अफाट कुरणाला स्टेशन म्हणतात. एकेक स्टेशन आपल्या तालुक्याएवढं, मधोमध मालकाचं घर, गुरं कोंडायच्या जागा आणि बाकी नजर पोचेल तिथपर्यंत गवत.

गोऱ्या मालकांनी तिथे गुरं सोडली तेव्हा ती जमीन काही ओसाड पडलेली नव्हती. बारमाही पाण्याच्या डोहाशी माणसं राहत होती, कधीपासून ते त्यांनाच ठाऊक, आणि गुरांनाही तेच पाणी हवं होतं. मग डोह गुरांचा झाला आणि माणसं आपल्याच जमिनीवर गुराखी झाली. बदल्यात पीठ, चहा, साखर, तंबाखू. बायका मालकिणीच्या घरात धुणीभांडी करायच्या. पुढे कायद्यानं त्यांना इतरांसारखा पगार द्यायची वेळ आली, तेव्हा मालकानं सगळ्यांना ट्रकमध्ये चढवलं आणि दूरच्या शहराबाहेर माळावर नेऊन सोडलं. पुष्कळ वर्षं भांडून त्यांनी ती जमीन परत मिळवली. हा इतिहास वृंदाला तोंडपाठ होता. सांगताना तिचा आवाज चढायचा, डोळे भरायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते काही अडाणी बाईच्या हातून झालेलं नाही.

डॉक्टरच्या पेटीत आवाजाच्या फिती होत्या. गुरं हाकतानाच्या आरोळ्या, हसणं-खिदळणं, आणि एका फितीत डोहाच्या काठी गाणारी एक बाई. ती बाई कोण, याचा शोध घेता घेता वृंदा ग्लेनिसपर्यंत पोचली. ग्लेनिस तिथल्या गावकारभाराचं ऑफिस सांभाळायची. गाणारी बाई तिच्या आजोळची निघाली, आणि त्या बाईची मुलगी, म्हणजे ग्लेनिसची मावशी, अजून हयात होती. हीच आपली आजी.

वृंदानं एप्रिल २०२०चं तिकीट काढलं होतं. त्या एप्रिलमध्ये कोण कुठे गेलं, हे सगळ्यांना माहीतच आहे. मग व्हिडिओ कॉल सुरू झाले, आणि वृंदा ते सगळे रेकॉर्ड करून ठेवायची. आजीची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस शहरातच मिळायचं, म्हणून ती आपल्या जमिनीपासून दिवसभराच्या वाटेवर, पेशंटांच्या वसतिगृहात राहायची. ग्लेनिस तिच्यासमोर टॅबलेट धरायची. लायडनमध्ये सकाळ असायची आणि तिकडे ऊन उतरायला लागलेलं असायचं.

पहिल्याच कॉलमध्ये वृंदानं तिला आजी म्हणायला सुरुवात केली, आमच्याकडे मोठ्या बायकांना असंच म्हणतात असं सांगून. म्हातारी हसली. आजीला विचारायला फार आवडायचं. तू सकाळी काय खाल्लंस, खिडकीबाहेर सारखं ढगाळ का असतं, तुझ्या मागे कोट घालून बसलेले ते कोण. कोट घालून बसलेले म्हणजे वृंदाचे सासरे मोरेश्वरराव. तुमच्या देशात गाई म्हणे रस्त्यावर मोकळ्या फिरतात, त्यांना कुणी हटकत नाही, हे खरं का, असं तिनं एकदा विचारलं. वृंदानं हो म्हटल्यावर ती बराच वेळ खोकत हसली आणि म्हणाली, म्हणजे तुमच्याकडेही गुरंच मालक. वृंदाचे प्रश्न मात्र वेगळे असायचे. स्टेशनवर किती माणसं होती, मालक कसा होता, ट्रक कोणत्या वाटेनं गेला. ते कामाचे प्रश्न होते.

फितीवरचं गाणं तिला ऐकवायला वृंदा उतावीळ झाली होती. आत्ता लावू का, म्हणाली. आजीनं हात वर केला. इथे नको. आईचं गाणं दवाखान्यात नाही ऐकायचं. ते घरी, डोहावर, सगळे मिळून ऐकू. आईबद्दल बोलतानाही आजी तिचं नाव कधी घेत नसे. त्याचं कारण तिनंच एकदा समजावून सांगितलं. माणूस गेलं की त्याचं नाव, चेहरा, आवाज, सगळं मिटून ठेवायचं. घरची माणसं पुरे म्हणेपर्यंत कुणी ते उघडायचं नाही. नाहीतर गेलेल्याचा पाय निघत नाही आणि मागे राहिलेल्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. आईला जाऊन खूप काळ लोटला होता, म्हणून आता तिचा आवाज घरी आणायला हरकत नव्हती.

वृंदानं हे सगळं लिहून घेतलं. संग्रहाच्या वेबसाइटवर सुरुवातीलाच तिनं सूचना टाकली: यात मृत व्यक्तींची नावं, चेहरे आणि आवाज असू शकतात. खाली एक बटण, 'पुढे जा'. बटणाचा मातकट रंग तिनंच निवडला होता आणि तो सगळ्यांना आवडला होता.

आणखी एक गोष्ट आजीनं सांगितली होती, मालकिणीबद्दल. घरात कामाला आलेल्या सगळ्या मुलींना मालकीण आपल्या मनानं नावं द्यायची. एकीला तिनं किटली म्हटलं, एकीला सोमवार.

"वाईट नव्हती ती," आजी म्हणाली होती. "माया होती तिची आमच्यावर. माझा फोटोसुद्धा काढून बैठकीत लावला होता. पण मायेची माणसं विचारत नाहीत."

हे वाक्य वृंदानं तिच्या एका ऑनलाइन भाषणात शेवटी घेतलं. खूप जणांनी ते भाषण संपल्यावर कळवलं की अंगावर काटा आला.

आता मोरेश्वररावांबद्दल. वृंदा त्यांना अप्पा म्हणायची. ते फेब्रुवारीत मुलाकडे दोन महिन्यांसाठी आले, मग विमानं बंद झाली, मग मुदत वाढली, मग आणखी एकदा वाढली. मुलगा मनोहर स्लोटरडाइक भागातल्या एका आयटी ऑफिसात कामाला होता, म्हणजे आता घरातल्याच झोपायच्या खोलीत. अप्पा इचलकरंजीतल्या एका व्याख्यानमालेचे जन्मभर कार्यवाह. दीपप्रज्वलन कुणी करायचं, पाहुण्याला नारळ कधी, आभार किती मिनिटं, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. सभागृहातल्या तसबिरींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या पाठीमागे ठळक अक्षरात नाव लिहायची त्यांची सवय. लायडनमध्ये त्यांच्या कारभाराला काही वावच नव्हता, आणि माणूस त्यानं सुकत चालला होता.

जूनमध्ये वृंदाची आई पुण्यात कोविडनं गेली. वृंदानं ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणि घाईनं पुढे जाणारी माणसं. तिच्या हातून आईला एक फूल गेलं नाही. तिनं ते मनात कुठेतरी दाबून ठेवलं आणि कामाला लागली. सप्टेंबरमध्ये ग्लेनिसचा फोन आला. म्हातारी गेली, ती म्हणाली. तिनं नाव घेतलं नाही.

फिती परत देण्याचा ऑनलाइन कार्यक्रम ऑक्टोबरात ठरला होता. तो पुढे ढकलायचा का, असं वृंदानं विचारलं. ग्लेनिस म्हणाली, नको. गाणं घरी यावं अशी तिचीच इच्छा होती. सगळे स्टेशनवरच्या हॉलमध्ये जमतील, लांबून गाड्या करून येतील. मग ती म्हणाली, "बाकी तुला सगळं ठाऊकच आहे." वृंदा हो म्हणाली.

त्या दिवशी वृंदा खूप रडली. मनोहरला वाटलं, आईची आठवण आली असेल. तेही खोटं नव्हतं. अप्पांनी तिला रडू दिलं, चहा करून दिला, आणि मग हळूच विषय काढला. कार्यक्रम आहेच, तर त्या बाईंची प्रतिमा हवी. प्रतिमापूजनाशिवाय सुरुवात कशी करायची?

"त्यांच्यात नाही चालत, अप्पा," वृंदा म्हणाली.

"त्यांच्यात नसेल. आपण आपल्या रीतीनं आदर दाखवतोय. आदर कुणाला कळत नाही?"

इथे तिला थांबता आलं असतं. ग्लेनिसला एक मेसेज टाकायचा, एवढंच होतं. पण विचारलं तर नको म्हणतील, हे तिला आत कुठेतरी माहीत होतं, आणि तिला हार घालायचाच होता. हार कुणाला घालायचाय, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

मग घर कामाला लागलं. एका कॉलमधला आजीचा हसरा चेहरा मनोहरनं मोठा करून छापून आणला. अप्पांनी फ्रेम केली आणि सवयीनं मागे मार्करनं नाव लिहिलं. शनिवारच्या बाजारातून शेवंती आणली, कारण ट्युलिप काही ओवता येत नाहीत, आणि तेव्हा ट्युलिपचे दिवसही नव्हते. अप्पा मन लावून हार ओवत बसले. इतक्या महिन्यांत ते असे खुलले नव्हते. मनोहरनं आजीच्या जुन्या कॉलमधला आवाज कापून एक तुकडा तयार केला, गाईंवरून ती हसली होती तो, आणि समई लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी सोय केली. फोटोखाली नाव, देवनागरीत आणि रोमनमध्येही.

कार्यक्रमाच्या सकाळी संग्रहाच्या प्रमुख मार्लूस आपल्या घरून स्वागताचे दोन शब्द बोलल्या. पडद्यावर तो हॉल दिसत होता. पुढे टोप्या घातलेले म्हातारे पुरुष, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बायका, जमिनीवर पोरं. मागच्या दारातून लाल माती आणि ऊन. ग्लेनिस टॅबलेटच्या बाजूला उभी होती. सगळ्यांनी स्वच्छ कपडे घातले होते. गाणं ऐकायला आली होती माणसं.

मग कॅमेरा वृंदाच्या टेबलाकडे वळला. जरीच्या कापडावर फ्रेम, शेजारी समई. बंद गळ्याचा कोट घातलेले अप्पा पुढे झाले आणि त्यांनी हार घातला. वृंदानं आजीचं नाव घेतलं, पूर्ण, ठळक, भाषणात घेतात तसं. मनोहरनं आवाज सुरू केला. आजी हसली.

सगळ्यात पुढे बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि तोंडावर धरली. मागून कुणा बाईचा आवाज आला, शब्द नव्हते त्यात. खुर्च्या सरकल्या. बायका उठल्या, पोरांचे डोळे आपल्या हातांनी झाकून त्यांना दाराकडे ओढू लागल्या. एक जण खाली बसून कपाळ जमिनीवर टेकवत होती. आजी पुन्हा हसली. वृंदाला हे नीट दिसलं नाही, कारण तिनं तेव्हा हात जोडून डोळे मिटले होते. शेजारून अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "भारावून गेलेत."

तिनं डोळे उघडले तेव्हा ग्लेनिसचा तळहात पडद्यावर मोठा होत होता. मग पडदा काळा झाला. समईची वात काही धरत नव्हती, त्यामुळे इकडे आवाज वाजतच होता, गाई, मालक, खोकला, हसू, पुन्हा गाई. मनोहरला तो बंद करायला सुचेना. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मार्लूस यांचा हात तोंडावर होता. वृंदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला ते मातकट बटण आठवलं. पुढे जा.

लाज वाटली, असं म्हणणं फार थोडं झालं. तिला तिथून, त्या खोलीतून, स्वतःच्या अंगातून निघून जावंसं वाटलं. ज्या गोष्टीबद्दल ती लोकांना आवाज चढवून सांगत होती, ती तिनंच केली होती, वर फुलं वाहून. तिला कारण माहीत होतं, रीत माहीत होती, आजीनं स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. पण ती तिच्या दृष्टीनं अभ्यासातली गोष्ट होती. ती आपल्यालाही लागू आहे, आपला हात धरून थांबवण्यासाठी आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

ग्लेनिसनं फोन उचलला नाही. दुपारी एकच मेसेज आला. सगळीकडून काढून टाका. सगळं.

वृंदाला वाटलं, एवढं तरी हातात आहे. संग्रहाकडचं रेकॉर्डिंग मार्लूस यांनी तासाभरात पुसलं. पण तोवर अप्पांनी आपलं काम केलं होतं. हार घातलेल्या फोटोशेजारी सून आणि स्वतः, असं चित्र त्यांनी अभिमानानं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, व्याख्यानमालेच्या ग्रुपवर टाकलं होतं, शाळेच्या वर्गमित्रांना पाठवलं होतं. खाली नावासकट. तिथून ते कुठे कुठे गेलं याचा पत्ता नव्हता. सातासमुद्रापार मराठी संस्कृती, असं शीर्षक लागून ते लायडनच्याच दुसऱ्या एका ग्रुपवरून वृंदाकडे परत आलं.

मग फोन करणं आलं. एकेकाला. चांगल्या कामाची दाद द्यायला लोक सरसावून बसलेले, आणि हिनं त्यांना सांगायचं की ते पुसा, आम्ही वाईट केलं. पुण्याच्या मालिनी मावशीनं तो फोटो स्टेटसला ठेवला होता. ती म्हणाली, किती शांत चेहरा आहे ग त्या बाईंचा, मी रोज सकाळी बघते. वृंदानं तिला समजावलं तेव्हा ती दुखावली. तुझ्या आईचाही फोटो मी ठेवला होता, तेव्हा नाही काही म्हणालीस. इचलकरंजीचे बाळासाहेब व्याख्यानमालेचे आताचे अध्यक्ष. त्यांनी स्पष्टच सांगितलं की आपल्याकडे वाहिलेली श्रद्धांजली मागे घेत नाहीत, आणि त्या लोकांना आपली भावना समजावून सांगा. हॉलंडमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम सतीश बघत होता. तो फोटो घातलेलं पान लागलं होतं.

"वृंदा, सीरियसली? एवढं काय त्यात," सतीश म्हणाला. "त्यांना कुठे आपला अंक दिसणारे?"

त्याला रागवायला तिच्याकडे तोंड नव्हतं. हार ओवला जात होता तेव्हा तिनं स्वतःशी हेच म्हटलं होतं, थोड्या बऱ्या शब्दांत. तिनं त्याच्या हातापाया पडून ते पान काढायला लावलं. किती फोन झाले, किती ठिकाणी तो चेहरा अजून हसत होता, हे तिला कधीच कळणार नव्हतं. कुणाच्या तरी फोनमध्ये तो आत्ताही असेल.

अप्पा त्या दिवसापासून कोट घालेनासे झाले. वृंदानं त्यांना काही बोलून दाखवलं नाही. दाखवायचं तरी काय, त्यांना तरी त्या रीतीबद्दल एक वाक्यच कळलं होतं, आणि तिला सगळं. पण न बोलण्यानं घर आणखी कानकोंडं झालं. मनोहर मीटिंगचं निमित्त करून खोलीत बसायचा. अप्पांनी हार उतरवला होता, समई घासून कपाटात ठेवली होती. फ्रेम मात्र तशीच टेबलावर पालथी पडून होती. टाकायची कुठे? कचऱ्यात टाकवेना. जाळवेना. पाण्यात सोडायची तर कालव्यात, आणि पुढे कुणाच्या गळाला लागली तर? कपाटाच्या तळाशी ठेवून देऊ, असं वृंदा म्हणाली. अप्पांनी मान हलवली.

"त्यांना विचार," ते म्हणाले. "आता तरी विचार."

विचारायला तिला धीर होत नव्हता. एका मेसेजचा मजकूर तिनं कितीदा तरी लिहिला आणि पुसला. नोव्हेंबरात पानं झडून गेल्यावर एका सकाळी ग्लेनिसचाच फोन आला. फक्त आवाज, चेहरा नाही. वृंदा स्वयंपाकघरात होती. अप्पा टेबलाशी भाजी निवडत होते. ते उठून जायला लागले, पण ती हातानं नको म्हणाली, आणि ते पुन्हा बसले.

ग्लेनिस रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं सांगितलं की त्या दिवसानंतर हॉलमध्ये कुणी जात नाही. माणूस गेल्यावर जागा शुद्ध करायचा धुराचा विधी तिथे पुन्हा करावा लागला. पुढे बसलेला म्हातारा आजीचा भाऊ होता, तो अजून कुणाशी बोलत नाही. गाणं त्यांना हवं आहे, आईचं गाणं घरी येणार, पण ते मार्लूस पाठवतील. वृंदानं त्याला हात लावायचा नाही. आजीबरोबरचे सगळे कॉल पुसायचे. वृंदाकडे असलेले, संग्रहाकडे असलेले, सगळे. आणि विमानं सुरू झाली तरी वृंदानं तिकडे यायचं नाही.

आजीच्या त्या कॉलवर वृंदाचं पुस्तक उभं राहणार होतं. संग्रहातली नोकरीही खरं तर त्याच्याच भरवशावर होती. मार्लूस आधीच म्हणाल्या होत्या की कायद्यानं ते रेकॉर्डिंग आपलं आहे, घाई करू नकोस, थोडं थंड होऊ दे. वृंदा हो म्हणाली. ग्लेनिसला. सगळ्याला हो म्हणाली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "फोटो अजून घरात आहे. त्याचं काय करायचं, ते आम्हाला कळत नाही."

पलीकडे कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

"भिंतीकडे तोंड करून ठेव," ग्लेनिस म्हणाली. "आम्ही सांगेपर्यंत. फेकायचा नाही, लपवायचा नाही. आपल्या घरात आहे हे रोज लक्षात राहू दे."

वृंदा बरं म्हणाली. एवढं झाल्यावर तिला स्वतःहून काहीतरी द्यावंसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिच्याशी बोलत होतं. तिनं सांगितलं की यापुढे आजीचं नाव तिच्या तोंडून कधीही येणार नाही, आणि पुस्तकात, कुठेच.

"जे नाव तू तिथे मोठ्या अक्षरात लिहिलंस, ते मालकिणीनं ठेवलेलं होतं," ग्लेनिस म्हणाली. "तेही घ्यायचं नव्हतंच. पण तिच्या आईनं ठेवलेलं नाव दुसरं होतं. आम्ही घरी तेच घ्यायचो. तू तिला मालकिणीबद्दल इतकं विचारलंस. मला वाटायचं, आज विचारशील, पुढच्या वेळी विचारशील. तिलाही वाटायचं. सांगायचंच होतं तिला."

फोन बंद झाला. वृंदा तो कानाला धरून उभी राहिली. किटली, सोमवार. तिनं ते लिहून घेतलं होतं, भाषणात वापरलं होतं, लोक हळहळले होते, आणि समोर बसलेल्या बाईला मात्र, तुला काय म्हणत असत, एवढं विचारायला ती विसरली होती. विसरली होती हेही खरं नाही. तिला आजी हे नाव पुरलं होतं. ते तिनंच ठेवलं होतं.

अप्पा तिच्याकडे बघत होते. काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. भिंतीकडे तोंड करून ठेवा म्हणाल्या, तिनं सांगितलं, आणि आपण लिहिलेलं नाव मालकिणीनं ठेवलेलं होतं, खरं दुसरंच होतं. अप्पा लगेच उठले. बैठकीच्या भिंतीवर वृंदाच्या आईच्या फोटोशेजारी एक मोकळा खिळा होता. तिथे त्यांनी फ्रेम उलटी टांगली. टांगल्यावर त्यांच्याच मार्करनं लिहिलेलं नाव खोलीकडे आलं. ते दचकले, घाईनं फ्रेम खाली घेतली आणि स्वयंपाकघरातून खाकी कागद शोधून आणला. कागद कापून, कडा दुमडून, चारी बाजूंनी डिंक लावून त्यांनी ते नाव झाकून टाकलं. काम नीटनेटकं झालं.

मग सवयीनं त्यांचा हात मार्करकडे गेला. टोपण काढून ते कोऱ्या कागदासमोर थांबले.

"इथे खरं नाव लिहू नये, कळतं मला," ते म्हणाले. "नुसतं आपल्याला माहीत असू दे. काय होतं त्यांचं नाव?"

"विचारलं नाही," वृंदा म्हणाली.